पायाखालचा दगड बुडतो तेव्हा: गोदाघाटावरच्या खेळासाठी वेळेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे दोन विद्यार्थी गोडो या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इंजिनमध्ये, टूडी खेळ बनवत आहेत. पावसाळ्यातला गोदाघाट, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, आणि बुडणाऱ्या-वर येणाऱ्या दगडांवरून उड्या मारत पंचवटीच्या काठाला पोचायचं. दगड नाहीसे होतात, परत येतात, सगळं चालतं. पण खेळून पाहणारा जवळपास प्रत्येक जण तिसऱ्या-चौथ्या दगडावर बुडतो आणि 'यात माझी काय चूक?' म्हणत फोन खाली ठेवतो. दगड जास्त वेळ वर ठेवून पाहिले, तर खेळ मिळमिळीत झाला. मग चुकतंय कुठे?

तुमचा दगड लवकर जातो ही अडचण नाहीये. तो जाणार आहे हे खेळाडूला उशिरा कळतं, आणि पुढचा येणार आहे हे त्याहून उशिरा कळतं. दगड वर राहण्याची वेळ आणि सूचना मिळण्याची वेळ हे दोन वेगळे आकडे आहेत. तुम्ही फक्त पहिला बदलून पाहिलात.

दगडाच्या वेळा ठरवण्याआधी उडी मोजून घ्या, कारण बाकी सगळे आकडे तिच्यावरून निघतात. समजा तुमची टाइल, म्हणजे खेळाचं चित्र मांडायचा चौकोनी तुकडा, 16 पिक्सेलची आहे. उडीची उंची 3 टाइल, म्हणजे 48 पिक्सेल, आणि वर पोचायला 0.4 सेकंद हवेत. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग केलं की गुरुत्व 600 येतं. उंचीची दुप्पट भागिले वेळ केलं की सुरुवातीचा वेग 240 येतो. गोडोत वरची दिशा ऋण असते, म्हणून तो उणे 240 लिहायचा. वर 0.4 आणि खाली 0.4 मिळून पात्र 0.8 सेकंद हवेत राहतं. धावण्याचा वेग सेकंदाला 100 पिक्सेल असेल, तर एका उडीत 80 पिक्सेल म्हणजे 5 टाइल कापल्या जातात. म्हणून दोन दगडांमधलं अंतर 3 टाइल ठेवलं तर सोपं, 4 ठेवलं तर अवघड, आणि 5 ठेवायचंच नाही. खाली येताना गुरुत्व दीडपट करायची पद्धत आहे, उडी जड आणि नेमकी वाटते. तसं केलं असेल तर हवेतली वेळ सुमारे 0.73 सेकंद उरते आणि अंतर 73 पिक्सेलवर येतं. बरेच जण गुरुत्व शेवटी बदलतात आणि दगडांची अंतरं तशीच ठेवतात. खेळ एका रात्रीत अवघड होतो आणि कारण सापडत नाही.

आता दगडांचे प्रकार. पाय पडल्यावर ठरावीक वेळाने जाणारा दगड हा पहिला. 1988 च्या सुपर मारिओ ब्रदर्स 3 मधला डोनटच्या आकाराचा ठोकळा याच जातीचा: थोडा वेळ उभं राहिलं की खाली कोसळतो. दुसरा प्रकार घड्याळावर चालणारा. खेळाडू काहीही करो, तो आपल्या वेळेला येतो आणि जातो. कॅपकॉमच्या 1987 च्या मेगा मॅनमधले, विशेषतः आइस मॅनच्या लेव्हलमधले ठोकळे हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. तिसऱ्या प्रकारात खेळाडूची कृतीच बटण असते, जसं 2013 च्या सुपर मारिओ 3डी वर्ल्डमध्ये प्रत्येक उडीला लाल-निळ्या फरशा उलटतात. संगीताच्या ठेक्यावर बदलणारे ठोकळे मी दुसऱ्या प्रकारातच धरतो, घड्याळाच्या जागी गाणं आलं इतकाच फरक. 2018 च्या सेलेस्टमध्ये कॅसेटचे निळे-गुलाबी ठोकळे तसे आहेत.

पहिल्या प्रकाराचा हिशेब सोपा आहे. डोळ्यांनी पाहून बोट हलायला साधारण 0.25 सेकंद लागतात. पुढे कुठे जायचं हे ठरवायला, जागा नवीन असेल तर, आणखी 0.3 धरा. दगड 3 टाइल रुंद असेल आणि पाय मध्यावर पडला असेल, तर कडेपर्यंत 24 पिक्सेल, म्हणजे 0.24 सेकंद. बेरीज 0.8 च्या आसपास येते. म्हणून सुरुवातीच्या दगडांना 1.2, मधल्यांना 0.9, शेवटच्यांना 0.6 सेकंद द्या. 0.5 च्या खालचा दगड हा थांबायचा दगड नसतो, नुसता पाय टेकवून पुढे पळायचा असतो. तो वापरायचा असेल तर सरळ रेषेत पाच-सहा ओळीने मांडा, म्हणजे पाहताक्षणी समजतं. परत येण्याची वेळ 2.5 ते 3 सेकंद पुरे. त्याहून लवकर परत आला तर धाक राहत नाही, उशिरा आला तर काठावर उभं राहून वाट पाहण्यात जीव जातो.

तुमचा खेळ मात्र दुसऱ्या प्रकारचा आहे आणि खरी गोम तिथे आहे. कल्पना करा, दर 1.2 सेकंदांनी नवा दगड वर येतो आणि प्रत्येक दगड 1.6 सेकंद राहतो. म्हणजे जुना आणि नवा 0.4 सेकंद एकाच वेळी वर असतात. कागदावर बरं दिसतं. पण खेळाडूला नवा दगड दिसून बोट हलेपर्यंत 0.25 गेले; जुना दगड बुडायच्या आत उडी मारायला उरले फक्त 0.15 सेकंद. पहिल्या दगडावर तो काठावरून उडी मारतो, तिथे हवा तेवढा वेळ थांबता येतं. दुसऱ्यावर अंदाजाने जातो. तिसऱ्यापासून ही 0.15 सेकंदांची फट त्याला सलग पकडावी लागते आणि तिथेच सगळे बुडतात. तुमच्या तक्रारीतला 'तिसरा-चौथा दगड' बहुधा यातूनच येतो.

उपाय दोन आहेत. दगड 1.9 सेकंद ठेवा. एकत्र असण्याची वेळ 0.7 होते, त्यातून 0.25 वजा जाता 0.45 उरतात. चालेल, पण याच वाटेने खेळ मिळमिळीत होतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: दगड 1.6 वरच राहू द्या, पण तो वर यायच्या 0.3 सेकंद आधी त्याच जागी बुडबुडे आणि दगडाची फिकट कड दाखवा. आता खेळाडूची प्रतिक्रिया दगड यायच्या आधीच होऊन जाते आणि पूर्ण 0.4 सेकंद उडीला मिळतात. दगडाची एकही वेळ न बदलता फट अडीचपट झाली. धावपळ तितकीच राहते, फक्त बुडालो तर का बुडालो हे कळतं.

जुन्या मेगा मॅनमध्ये ठोकळा उगवताना ठरलेला आवाज येतो, आणि आवाजांची लय पाठ करून पुढे जायचं असतं. 1988 च्या मेगा मॅन 2 मध्ये हीट मॅनच्या लेव्हलला अशी फार लांब रांग आहे. पण एअर मॅनला आधी हरवलं की मिळणारं 'आयटम 2' हे उडतं वाहन ती रांग टाळू देतं. पाठांतरावर चालणारा तुकडा ठेवायचा असेल तर अशी पळवाट हवीच. तुमच्याकडे ती नाही, म्हणून पाठांतर मागू नका.

वेळा सेकंदांत नव्हे, टिकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हिशेबाच्या ठरलेल्या पायऱ्यांत लिहा. गोडोचं भौतिक गणित मुळात सेकंदाला 60 टिकने चालतं. 1.2 सेकंद म्हणजे 72 टिक, 1.6 म्हणजे 96. पाच दगडांचं चक्र 360 टिकचं. प्रत्येक दगडाला स्वतंत्र टाइमर लावून तो संपला की हाताने परत सुरू करायचा, ही सगळ्यात सर्रास चूक. दर वेळी फ्रेमचा उरलेला तुकडा वाया जातो. सरासरी अर्धी फ्रेम, म्हणजे 8 मिलिसेकंद धरली, तरी 50 फेऱ्यांत 0.4 सेकंदांचा फरक पडतो आणि तुमची एकत्र असण्याची सगळी वेळ त्यात जाते. प्रत्येक खोलीसाठी, म्हणजे खेळाच्या एका टप्प्यासाठी, एकच मोजणी ठेवा. त्या आकड्यातून दगडाचा क्रमांक गुणिले 72 वजा करा (क्रमांक शून्यापासून मोजायचे) आणि 360 ने भागून बाकी घ्या. बाकी 96 पेक्षा कमी असेल तर दगड वर. 66 ते 95 मध्ये असेल तर दगड बुडण्याचा इशारा, 342 ते 359 मध्ये असेल तर बुडबुडे. बाकी काढताना टक्क्याचं साधं चिन्ह वापरलंत तर सुरुवातीला उत्तर ऋण येतं आणि सगळेच दगड वर दिसतात, म्हणून बाकी कायम धन देणारं गोडोचं 'पॉझमॉड' हे फंक्शन वापरा. युनिटी या दुसऱ्या इंजिनात हेच करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे ठरलेली पायरी 0.02 सेकंदांची, म्हणजे सेकंदाला 50 असते.

पात्र बुडून परत काठावर आलं की ही मोजणी शून्यावर आणा. पहिला दगड समोर तयार दिसला पाहिजे. नाहीतर प्रत्येक मरणाला चार-पाच सेकंदांच्या वाट पाहण्याची शिक्षा वेगळी होते, आणि लोक मरण सहन करतात, वाट पाहणं नाही.

आता विषय गोदाघाटाचा आहे म्हणून एक सुचवतो. नाशिककर पूर सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी मारुतीच्या पायांशी आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत गेलं, एवढं ऐकलं की घाटावरचा टपरीवाला काय आवरायचं ते ओळखतो. तुमच्या खेळाला लागणारी सूचनेची पद्धत ही अशी पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. पार्श्वभूमीला मारुती ठेवा आणि दगडांना वेगवेगळे टाइमर देण्याऐवजी पाण्याची एकच पातळी चढउतार करू द्या. दगड किती उंचीवर आहे यावरून तो कधी बुडेल हे आपोआप ठरतं.

समजा पाणी 0 ते 64 पिक्सेलमध्ये 6 सेकंदांच्या चक्रात कोसाइनच्या वळणाने वर-खाली होतं. मग 16 पिक्सेल उंचीचा दगड 4 सेकंद पाण्याखाली आणि 2 सेकंद वर असतो, 32 चा 3 आणि 3, तर 48 चा 2 सेकंद खाली आणि 4 वर. वेळापत्रक लिहावंच लागत नाही आणि खेळाडूही ते डोळ्यांनी वाचू शकतो. मारुतीच्या कमरेची रेघ 32 ला जुळवलीत, तर 'कमरेला पाणी म्हणजे मधले दगड गेले' हे एकदा पाहून लक्षात राहतं. बाहेरगावच्या खेळाडूला मारुतीचा संदर्भ माहीत नसेल, म्हणून पहिल्या खोलीत मारुती आणि मधला दगड शेजारी-शेजारी दिसतील असं मांडा.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. एकाच उंचीचे दगड एकदमच बुडतात, आणि उतरत्या पाण्यात उंच दगडच आधी मोकळा होतो. मनाला येईल तो क्रम लावता येत नाही. म्हणून निम्म्या खोल्या पातळीवर आणि निम्म्या घड्याळावर चालवा. आणि लाटा फक्त चित्रात हलवा, तेही 2 पिक्सेलच्या आत. लाट दगडावरून गेलेली दिसते पण गणितात दगड अजून कोरडा आहे, किंवा उलट, असं झालं की खेळाडूचा पाण्यावरचा विश्वास उडतो.

दगड जाताना आणि येताना चित्र व टक्कर यांचा क्रम नेहमी खेळाडूच्या बाजूने झुकलेला असू द्या. जाताना चित्र आधी बुडवा आणि कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) 4-5 टिक उशिरा बंद करा. येताना आधी कड दिसू द्या, मग चित्र आणि कोलायडर एकदम. त्याशिवाय पायाखालचा आधार गेल्यावरही 6 टिकपर्यंत, म्हणजे 0.1 सेकंद, उडी मान्य करा. याला कोयोटी टाइम म्हणतात. सेलेस्टमध्येही ती 0.1 सेकंदच आहे. इथे एक खाच आहे: बरेच जण ही सवलत 'कडेवरून चालत पुढे गेला' एवढ्याच बाबतीत देतात. दगड स्वतःच गेला तरी ती मिळाली पाहिजे, तुमच्या खेळात तर हेच जास्त वेळा घडणार. याच्या जोडीला, पाय टेकायच्या 0.1 सेकंद आधी दाबलेलं बटणही लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी द्या.

कोलायडर बंद करताना गोडो 'फ्लशिंग क्वेरीज'ची तक्रार करतो, कारण टक्करीच्या मध्येच तुम्ही ती बदलायला जाता. 'डिसेबल्ड' ही किंमत सरळ बदलू नका, 'सेट-डिफर्ड' मधून बदला. दगड 'क्यू-फ्री' करून, म्हणजे पूर्ण काढून टाकून, पुन्हा बनवण्याच्या भानगडीत पडू नका; जुने संदर्भ तुटतात आणि मोजणी हरवते. फक्त चित्र लपवलं आणि कोलायडर विसरलात, तर पाण्यावर अदृश्य फरशी राहते. चाचणीच्या वेळी डीबग मेन्यूतून टक्करीचे आकार दाखवणारा पर्याय चालू ठेवा, ही चूक लगेच दिसते.

सर्वात त्रासदायक प्रसंग म्हणजे पात्र नेमकं तिथे असताना दगड वर येणं. पात्र दगडात अडकतं, किंवा इंजिन त्याला बाहेर काढताना भलतीकडे फेकतं. तीन मार्ग आहेत: जागा मोकळी होईपर्यंत दगड थांबवायचा, त्याला फक्त वरून टक्कर देणारा करायचा, किंवा पात्राला बुडालेलं धरायचं. पहिल्याने चक्राची लय बिघडते. तुमच्यासाठी दुसरा योग्य, कोलायडरच्या 'वन वे कोलिजन'ची खूण केली की झालं. फक्त त्यामुळे दगडाला खालून डोकं आपटत नाही हे लक्षात ठेवून खोली आखा. दगडावर दगड अशी मांडणी असेल तर उलट हे फायद्याचंच आहे: डोक्यावर अचानक उगवलेल्या दगडाने अर्धी उडी कापली जाणं हे या प्रकारच्या खेळांमधलं सगळ्यात चीड आणणारं मरण असतं.

पाय पडल्यावर जाणारे दगड मधूनच वापरणार असाल, तर बाजूने घासलं तरी ते सुरू होतात का ते तपासा. पात्र हलवणाऱ्या 'मूव्ह अँड स्लाइड' नंतर प्रत्येक टक्करीचा लंब, म्हणजे आदळलेल्या पृष्ठभागाला काटकोनातली दिशा, पाहा. त्याचा उभा घटक उणे 0.7 पेक्षा कमी असेल तरच तो पाय.

फोनचं वेगळं सांगायला हवं, कारण तुमचे खेळाडू अँड्रॉइडवरच खेळणार. काचेवरच्या बटणाला उशीर लागतो आणि अंगठा खाली टेकलाय की नाही हे बोटाला कळत नाही; कीबोर्डवर ठरवलेल्या प्रत्येक फटीत 0.1 सेकंद वाढवा. दोन्ही अंगठे पडद्याचे खालचे कोपरे झाकतात, म्हणून महत्त्वाचा दगड तिथे नको. 320 गुणिले 180 च्या पडद्यावर 16 ची टाइल धरली तर आडव्या 20 टाइल मावतात. पात्र मध्यावर न ठेवता पडद्याच्या डावीकडच्या एक-तृतीयांश भागात ठेवा, पुढचे दोन दगड कायम दिसले पाहिजेत.

आवाजाचा इशारा द्या, पण एकट्या आवाजावर विसंबू नका. ब्लूटूथ इअरफोनवर आवाज 0.1 ते 0.2 सेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोचतो. आपली सगळी फट 0.4 सेकंदांची, तिचा मोठा भाग यातच जातो. शिवाय बसमध्ये बरेच जण आवाज बंद करून खेळतात. आवाज निवडायचाच तर काठावरच्या देवळाच्या घंटेचा घ्या. पूर चढला की नारोशंकराची घंटा वाजते असं नाशकात सांगतात. त्या घंटेला खेळात जागा मिळाली तर मला फार आनंद होईल. रंगावरही एकट्यावर भरवसा नको, लाल-हिरवा फरक काहींना दिसत नाही. वर असलेला दगड भरीव, येणारा नुसत्या कडेचा, असा आकारात फरक करा. लुकलुकणारा इशारा सेकंदाला तीनदाच्या वर नेऊ नका, प्रकाशाच्या झटक्यांनी त्रास होणाऱ्यांसाठी तीच मर्यादा सांगितली जाते. मी तर लुकलुकण्याऐवजी दगड 1 पिक्सेल थरथरवीन आणि भोवती फेस वाढवीन.

एक गोष्ट तांत्रिक नाही, पण ती आधीच ठरवा. मारुतीच्या डोक्यावर, देवळांच्या कळसांवर पाय ठेवायला लावू नका, आणि रामकुंड हे मारामारीचं ठिकाण करू नका. लोक तिथे अस्थी विसर्जनाला येतात. घाटाच्या पायऱ्या, दगडी चौथरे, बांधून ठेवलेल्या होड्या, पाण्यात अर्धवट बुडालेले खांब, एवढ्यातून हव्या तेवढ्या जागा मिळतात.

शिकवण्याचा क्रम चार खोल्यांत बसतो. पहिल्यात बुडणारा दगड गुडघाभर पाण्यावर, पडलं तरी काही होत नाही. दुसऱ्यात खाली खोल पाणी, पण दगड दोनच. तिसऱ्यात चढत्या पाण्यात वेगवेगळ्या उंचीचे दगड. चौथ्यात पाच दगडांचं पूर्ण चक्र, मध्ये एक न बुडणारा चौथरा. तो चौथरा काढायचा मोह होईल. काढू नका, खेळाडू तिथे श्वास घेतो आणि पुढचं चक्र पाहून घेतो.

शेवटी मोजणी. प्रत्येक मरणाला चार गोष्टी फाइलमध्ये लिहा: दगडाचा क्रमांक, त्या क्षणीची बाकी (0 ते 359), पात्राची जागा, आणि शेवटचं उडीचं बटण किती टिक आधी दाबलं. खेळ कधीही न पाहिलेली दहा माणसं बसवा, कॉलेज रोडवरच्या कट्ट्यावर ती सहज मिळतील, आणि ती खेळत असताना एक शब्दही बोलू नका. बटण पायाखालचा आधार गेल्यानंतर 7-8 टिकला दाबलेलं वारंवार दिसलं, तर कोयोटीची सवलत 6 वरून 8 करा. बटण दाबलेलंच नसेल, तर इशारा दिसला नाही. फेस वाढवा किंवा तो 30 टिकऐवजी 36 टिक आधी सुरू करा. उडी वेळेवर पण पाय पाण्यात पडत असेल, तर अंतर जास्त आहे, वेळेला हात लावू नका. एका वेळी एकच आकडा बदला आणि पुन्हा नवी दहा माणसं शोधा. जुन्यांना आता दगड पाठ झालेले असतात.